गर्दीतला प्रभू

वाशीम जिल्ह्यातील एका कॅथलिक शाळेत गेल्या आगमनकाळात आम्ही दोन भित्तिचित्रे पाहिली. दोन्ही मुलांनी वर्गावर्गांतून मिळून केलेली, आणि दोन्हींचा विषय एकच : पाच भाकरी व दोन मासे. लहानांचे काम म्हणून तोंडभर कौतुक करून पुढे जाणे हा त्या कामाचा अनादरच होय, असे आम्हांस वाटते. म्हणून हे चार शब्द.

पहिले चित्र सातवीचे. एका छापील चित्रावर चौकोन आखून त्याचे तीस तुकडे केले होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपला चौकोन मोठा करून रंगविला होता. जोडणी निर्दोष, रंग स्वच्छ. पाहुण्यांची वाहवा यालाच मिळाली. परंतु येथे श्रम सामुदायिक आहेत, दृष्टी नाही. शेजारच्या चौकोनात कोणाचा हात सुरू होतो याची ज्याला गरजच पडली नाही, त्याने सहकार्य केले असे कसे म्हणावे?

दुसरे पाचवीचे. प्रत्येकाने आपापली माणसे कापून आणायची आणि एकाच कागदावर डकवायची, एवढाच नियम. साहित्य म्हणजे जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या. तांड्यावरून येणाऱ्या मुलींनी घागऱ्यांवरच्या आरशांसाठी चॉकलेटचा चंदेरी कागद वापरला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्या जागी पुष्कळ गवत होते. येथे सोयाबीन काढल्यानंतरचे उघडे रान आहे. भाकरी माणसांच्या डोक्यांहून मोठ्या! आणखी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा दिसली. मत्तयाने पाच हजारांचा आकडा देताना स्त्रिया व मुले वगळली आहेत. या चित्रात पुढची सारी रांग त्यांचीच आहे.

दोषही आहेत. उजवा कोपरा रिकामा राहिला आहे. बारा टोपल्या एकाच साच्यातून काढलेल्या असून त्यांत मोठ्या माणसाचा हात स्पष्ट दिसतो. चित्रातला तेवढाच भाग निर्जीव आहे.

हा प्रश्न आपल्या विदर्भाला नवा नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ ते १९६२ या काळात सेवाग्रामच्या नई तालीममध्ये कला शिकवीत होते. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे, ही त्यांची धारणा. त्या अनुभवावर त्यांनी पुढे ग्रंथलेखनही केले. आमच्या शाळा मात्र एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांकडे डोळे लावून बसतात. तेथे प्रत्येकाचा कागद वेगळा आणि गुणही वेगळे. (त्या परीक्षांना आमचा विरोध नाही, आम्हीही त्यांतली एक कशीबशी उत्तीर्ण झालो आहोत.) ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरविलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले. तरीही गोऱ्या चेहऱ्याचे कॅलेंडर आमच्या भिंतीवरून उतरत नाही.

यातला आमचा वाटा सांगणे भाग आहे. पाचवीच्या चित्रात प्रभू इतरांएवढाच आहे, मधोमधही नाही. तो शोधावा लागतो. आदल्या वर्षीच्या अशाच एका चित्रात तो सापडेना, तेव्हा ‘प्रभूला मोठा करा’ असे आम्हीच सुचविले. बाईंनी आज्ञाधारकपणे एक छापील चित्र मधोमध चिकटविले. मिस्सा संपल्यावर एक मुलगी आपल्या आईला घेऊन त्या कागदापुढे बराच वेळ उभी होती. तिने कापून लावलेले तिचे आजोबा त्या छापील झग्याखाली गेले होते. आम्ही कडेने तो कागद सोडवून पाहिला. खळ पक्की होती. आजोबांचा अर्धा फेटा तेवढा निघून आला.