सार्वजनिक धोरणातील पीएच.डी. : दिवा आणि तेल

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या संशोधन अधिछात्रवृत्तीवर चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून मुले काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. त्यावर संताप उसळला आणि तो रास्तही होता. तरीही तो सवाल झटकून टाकण्याजोगा नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक विद्याशाखेला त्याचे उत्तर देता आले पाहिजे. ‘सार्वजनिक धोरण’ या तुलनेने नव्या शाखेला तर सर्वांत आधी. कारण सरकारच्या निर्णयांची परीक्षा हाच तिचा विषय, आणि पुष्कळदा तिचा खर्चही सरकारच उचलते.

प्रथम गुणवत्तेचा विचार करू. पीकविमा घ्या. अर्थशास्त्राचा संशोधक हप्ता आणि भरपाई यांचा हिशेब मांडील, राज्यशास्त्राचा संशोधक योजनेमागील राजकारण उलगडील. धोरणाच्या संशोधकाने या दोन्हींखेरीज शासननिर्णय वाचावेत, अर्थसंकल्पातील तरतूद व प्रत्यक्ष खर्च ताडून पाहावा आणि नुकसानीची पाहणी बांधावर कशी होते हेही पाहावे, अशी अपेक्षा असते. हे या शाखेचे खरे बळ. धोका असा, की चार शास्त्रांचे थोडेथोडे शिकून एकाचीही पद्धत हाती लागत नाही. शिवाय योजना जाहीर होऊन तिचे परिणाम दिसेपर्यंतच काही वर्षे जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे आहे. पैसा मध्येच आटला तर संशोधक उपलब्ध आकडेवारीवर भागवतो आणि बांधावर जायचे राहूनच जाते.

म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न निधीपाशी येऊन ठेपतो. अमेरिकेत सँटा मोनिका येथील ‘रँड’ या संशोधनसंस्थेने १९७० मध्ये धोरणविषयक पीएच.डी.साठी स्वतःची शाळा काढली. तेथील विद्यार्थी संस्थेच्या चालू प्रकल्पांवर काम करतात. त्यातून शिक्षण होते आणि खर्चालाही आधार मिळतो. उमेदवारीची ही रीत उत्तम आहे. मात्र प्रकल्प कोणीतरी मागितलेले असतात आणि ‘रँड’च्या मोठ्या ग्राहकांत अमेरिकेचे संरक्षण खाते आहे. अशा रचनेत हत्यारे चांगली मिळतात. प्रश्न निवडण्याची मोकळीक तितकीच मिळेल असे नाही.

आपल्याकडील कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचे उलट आहे. जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. विषय संशोधक आणि मार्गदर्शक ठरवतात, कोणी ग्राहक ठरवत नाही. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. पण ती सर्वांना मिळत नाही आणि ज्यांना मिळते त्यांचेही हप्ते रखडतात. घरभाड्यासाठी उसनवारी करणाऱ्या संशोधकाला कागदावरचे स्वातंत्र्य फारसे वापरता येत नाही.

देणगीदार आला की संशोधन विकले गेले, असेही समजू नये. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा १९७१ चा अभ्यास फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने झाला होता. त्याने देशातील दारिद्र्याच्या चर्चेला आकड्यांचा पाया दिला आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला. तो पीएच.डी.चा प्रबंध नव्हता. पण धोरणसंशोधन कसे असावे याचा तो पुण्यात घडलेला नमुना आहे. पैसा बाहेरचा असला तरी निष्कर्ष अभ्यासकांचे राहिले, कारण त्यांच्यामागे स्वतःची विद्वत्ता होती आणि छापण्याची मुभा होती.

आता खर्च पाहू. वरील दराने एका संशोधकावर पाच वर्षांत, घरभाडे वगळून, २४ लाख रुपये लागतात. दोनशे संशोधकांचे होतात ४८ कोटी, म्हणजे वर्षाला ९ कोटी ६० लाख. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली तेव्हा तिचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी सांगितला गेला. योजना चांगली की वाईट, हा इथला मुद्दा नाही. एवढा पैसा कोणाच्या हाती पोहोचला, घरात कोणी खर्च केला, त्यासाठी कोणत्या तरतुदी मागे पडल्या, हे वर्षानुवर्षे तपासणारी माणसे राज्याला हवी आहेत. त्या तपासाची किंमत या रकमेपुढे नगण्य आहे.

म्हणून अशा अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्याने, आणि त्याला अनुदान देणाऱ्यानेही, विद्यावेतनाच्या आकड्यावर थांबू नये. पैसा प्रबंध पूर्ण होईपर्यंत पुरतो का? तो दर महिन्याला हाती येतो का? आणि निष्कर्ष देणाऱ्याच्या विरोधात गेला तरी तो छापता येतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारने द्यायची आहेत, तिसऱ्याचे विद्यापीठाने. ती मिळाल्याशिवाय दिवे का लागले नाहीत, हे संशोधकाला विचारण्यात अर्थ नाही.