एक नोंद, अनेक याद्या : शोधयंत्रांतील अनुक्रमाचा प्रश्न

अमरकोशात 'हरि' हा शब्द द्वितीय कांडातील सिंहादिवर्गात सिंहाच्या पर्यायांमध्ये येतो, आणि तृतीय कांडातील नानार्थवर्गात पुन्हा येतो. पहिल्या ठिकाणी त्याचे स्थान अर्थाने ठरले आहे, दुसऱ्या ठिकाणी अंत्य व्यंजनाने. शब्द एकच, पण त्याचे स्थान म्हणून स्वतंत्र असे काही नाही, ते त्या त्या वर्गाच्या अपेक्षेने आहे. कारकाविषयीही असेच म्हणता येईल : क्रियेवाचून नाम कर्ताही नसते आणि कर्मही नसते.

स्थान हा वस्तूचा गुण नसून संबंधाचा गुण आहे, ही गोष्ट आजच्या शोधयंत्रांच्या रचनेत सहजासहजी सामावत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेले आणि ल्युसीन या संहितासंग्रहावर उभारलेले 'इलास्टिकसर्च' हे याचे चांगले उदाहरण होय. समजा, विभागाच्या ग्रंथसूचीत 'क' हा ग्रंथ भाषेतिहासाच्या यादीत नववा व काव्यशास्त्राच्या यादीत पहिला आहे. 'ख' हा ग्रंथ केवळ भाषेतिहासाच्या यादीत असून तेथे तो दुसरा आहे. ही माहिती साध्या रीतीने साठविली असता यंत्र 'क'च्या याद्या एकीकडे व क्रमांक दुसरीकडे सपाट करून ठेवते. कोणता क्रमांक कोणत्या यादीचा, हा संबंधच नाहीसा होतो. मग भाषेतिहासाची यादी चढत्या क्रमाने मागितली की 'क' आधी येतो, कारण अनेक मूल्यांपैकी सर्वांत लहान मूल्य घ्यावे असा यंत्राचा अध्याहृत नियम आहे. उतरत्या क्रमासाठी मात्र तोच नियम सर्वांत मोठे मूल्य घेतो. परिणामी 'क'चे मूल्य चढत्या क्रमात १ आणि उतरत्या क्रमात ९ धरले जाते, व तो दोन्ही वेळा 'ख'च्या आधीच उभा राहतो! यादी उलटी केली तरी उलटत नाही, यापरते अनुक्रमाचे विडंबन कोणते? आणि यादीतील ग्रंथ सगळे बरोबर असल्यामुळे हा दोष वाचणाऱ्याच्या ध्यानी येणेही कठीण.

यावर तीन उपाय रूढ आहेत. प्रत्येक यादीसाठी क्रमांकाचे निराळे क्षेत्र ठेवणे हा सर्वांत सुलभ. परंतु अध्यापकागणिक यादी वाढू लागली की क्षेत्रांची संख्या आटोक्यात राहत नाही, आणि एका सूचीत एक हजार क्षेत्रे ही यंत्राची पूर्वनियोजित मर्यादा आहे. दुसरा उपाय अमरसिंहाचा : प्रत्येक यादीसाठी नोंदच पुन्हा लिहावी. तो निर्दोष आहे, पण दोन याद्या एकत्र शोधल्या की एकच ग्रंथ दोनदा समोर येतो. तिसरा, 'नेस्टेड' म्हणून ओळखला जाणारा उपाय मला शास्त्रशुद्ध वाटतो. त्यात यादी व क्रमांक यांची प्रत्येक जोडी नोंदीच्या पोटात स्वतंत्रपणे जपली जाते. मात्र शोधाला घातलेली यादीची अट क्रमवारीला आपोआप लागू होत नाही. ती तेथे पुन्हा सांगावी लागते. अनेकांची फसगत होते ती येथेच. शिवाय एक क्रमांक बदलला तरी संपूर्ण नोंद नव्याने सूचीबद्ध करावी लागते. म्हणून क्रमांक १, २, ३ असे न देता १०, २०, ३० असे अंतर सोडून द्यावेत, म्हणजे मध्ये नवा ग्रंथ आला तरी पुढच्या साऱ्या नोंदी हलवाव्या लागणार नाहीत.

एवढे करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो तंत्राचा नाही. दोन्ही याद्यांतील ग्रंथ एकत्र मागितले तर 'क' पहिला की नववा? लहान मूल्य, मोठे मूल्य, सरासरी, मध्यक, बेरीज, यांपैकी काहीही निवडण्याची सोय यंत्रात आहे. पण काव्यशास्त्राच्या अध्यापकाने दिलेले प्राधान्य भाषेतिहासाच्या विद्यार्थ्याला कितपत बंधनकारक मानावे, याचे उत्तर या पाचांपैकी एकातही नाही. ते सूची करणाऱ्याने आधी ठरवून उघडपणे नोंदविले पाहिजे. अध्याहृत नियमाच्या हाती सोपविता कामा नये.