पूर्वदर्शन आणि समीक्षा

समीक्षेला विषय म्हणून पूर्ण झालेली कृती लागते, हे गृहीत इतके जुने आहे की त्याचा वेगळा उच्चार करण्याची गरज सहसा भासत नाही. नाटकाचा प्रयोग झालेला असतो, ग्रंथ छापून झालेला असतो. त्यानंतर अभिप्राय दिला जातो. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र एक लेखनप्रकार असा रूढ झाला आहे की, ज्याचा विषय लेखनसमयी अपुऱ्या रूपातच उपलब्ध असतो. व्यापारी प्रदर्शनात आगामी खेळ पाहून लिहिलेले पूर्वदर्शन हा तो प्रकार होय. त्याला समीक्षा म्हणावे की जाहिरातीचे अंग मानावे, हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. वाचक त्याच्या भरवशावर पैसे खर्च करतो, आणि पुढील काळातील अभ्यासक त्यालाच साधन म्हणून हाताळतो.

या प्रकाराची मोठी जोपासना लॉस एंजेलिस येथील ‘इलेक्ट्रॉनिक एंटरटेनमेंट एक्स्पो’ अर्थात ‘ई-थ्री’ या प्रदर्शनात झाली. ते प्रथम मे १९९५ मध्ये भरले. त्या वेळी सेगा कंपनीने आपले ‘सॅटर्न’ हे यंत्र ३९९ डॉलरना तत्काळ विक्रीस आल्याची घोषणा केली. सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले आणि ‘प्लेस्टेशन’ची किंमत म्हणून ‘२९९’ हा आकडा उच्चारून परतले. खेळापेक्षा घोषणा हीच घटना ठरावी, हा या प्रदर्शनाचा स्वभाव पहिल्याच वर्षी प्रकट झाला. पुढे दीर्घकाळ तेथील प्रवेश व्यापारी व पत्रकार यांच्यापुरता होता. २०१७ मध्ये सर्वसामान्यांसाठी १५,००० तिकिटे काढण्यात आली. तोपर्यंत पत्रकार हाच जनतेचा डोळा होता, आणि त्याच्या साक्षीला असाधारण वजन होते.

भारतीय नाट्यविचारात या व्यवहाराला जवळची अशी एक संकल्पना आहे. नाट्यारंभी प्रयोगाची प्रशंसा करून प्रेक्षकांना उन्मुख करणे, याला ‘प्ररोचना’ म्हणतात. तीतील प्रशंसा कोणासही खटकत नाही, याची कारणे दोन आहेत. एक तर, प्रशंसा करणारा सूत्रधार हा नाटकमंडळींपैकीच आहे हे सर्वांना ठाऊक असते. दुसरे असे की, प्ररोचनेनंतर लगेच नाटक सुरू होते आणि त्याच आसनावर बसलेला प्रेक्षक तिची पारख करतो. व्यापारी प्रदर्शनात ही दोन्ही बंधने सैल होतात. प्ररोचना व प्रयोग यांत वर्षे लोटतात, आणि प्रशंसेचे काम सूत्रधाराकडून नकळत समीक्षकाकडे सरकते.

काळाच्या या अंतरात काय घडते, याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. २००५ मध्ये दाखविलेली ‘किलझोन’ मालिकेतील नव्या खेळाची दृश्ये प्रत्यक्ष खेळातून घेतलेली नव्हती. जे साधावयाचे होते त्याचा तो आधीच चितारलेला नमुना होता. खेळ विक्रीस आला तो २००९ मध्ये. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१८ मध्ये बंद दालनात निवडक मंडळींना दाखविला गेला, व त्याची वाखाणणी झाली. डिसेंबर २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाल्यावर दोष इतके आढळले की, सोनीने काही दिवसांतच तो आपल्या विक्रीमंचावरून मागे घेतला. जून २०२१ मध्ये तो पुन्हा उपलब्ध झाला.

तथापि यावरून सर्व पूर्वदर्शने फसवी ठरतात असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. ‘गेम क्रिटिक्स अवॉर्ड्स’ने २००३ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ला प्रदर्शनातील सर्वोत्तम खेळ ठरविले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या खेळाने तो कौल सार्थ केला. २०१४ मध्ये तोच मान ‘इव्हॉल्व्ह’ला मिळाला, त्याचे समर्पित सर्व्हर २०१८ मध्ये बंद झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही कौलांचा आधार एकाच प्रकारचा होता. बरोबर ठरलेले भाकीत हे चुकलेल्या भाकिताहून अधिक समीक्षात्मक असत नाही. ते केवळ अधिक सुदैवी असते. म्हणून पूर्वदर्शनाची कसोटी भाकिताच्या यशात शोधणे व्यर्थ आहे. ती साक्षीच्या शुद्धतेत शोधली पाहिजे.

या कामी न्यायशास्त्रातील प्रमाणविचार उपयोगी पडतो. पूर्वदर्शनात तीन प्रकारचे ज्ञान एकत्र येते : लेखकाने स्वतः पाहिलेले वा खेळलेले, म्हणजे प्रत्यक्ष, त्यावरून उर्वरित खेळाविषयी बांधलेले अनुमान, आणि निर्मात्याने सांगितलेले, म्हणजे शब्द. शब्द हे प्रमाण होण्यास वक्ता आप्त असावा लागतो. विक्रेता आपल्या मालाविषयी बोलताना आप्त असतोच असे नाही. अनुमानही येथे दुबळे असते. प्रदर्शनासाठी खेळाचा एक लहान भाग उरलेल्या भागाआधी घासूनपुसून तयार केला जातो; अशा वेळी शितावरून भाताची परीक्षा करता येत नाही, कारण शितच वेगळे शिजवलेले असते. तीनही प्रमाणे एकाच ठाम वर्तमानकाळी वाक्यात मिसळली, की वाचकाची दिशाभूल होते. मग त्यात कोणाचाही कपटहेतू नसला तरी चालतो. खेळयंत्रणा कोणाच्या हाती होती, किती वेळ, कोणत्या यंत्रावर, आणि काय दाखविण्याचे टाळले, एवढे नोंदविणारे रूक्ष पूर्वदर्शनही त्यामुळे अधिक मोलाचे ठरते.

क्वचित झलक हीच कलाकृतीचा भाग बनते, हेही मान्य केले पाहिजे. २००० मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या झलकेत स्नेक हाच नायक दिसला; २००१ मध्ये प्रत्यक्ष खेळात बहुतांश वेळ रायडेन या दुसऱ्याच पात्राची भूमिका खेळाडूकडे आली. ही दिशाभूल खेळाच्या आशयाशी सुसंगत होती. परंतु तिचा अर्थ लागला तो कृती पूर्ण हाती आल्यानंतरच. म्हणजे हा अपवादही मूळ नियमाला पुष्टीच देतो.

१२ डिसेंबर २०२३ रोजी ‘ई-थ्री’ कायमचे बंद झाल्याची घोषणा झाली. निन्टेन्डोने २०११ पासूनच ग्राहकांशी थेट प्रक्षेपणाद्वारे बोलण्यास आरंभ केला होता. इतरांनीही तीच वाट धरली. सूत्रधार पुन्हा स्वतःच्या नावाने बोलू लागला, हा त्यातील प्रामाणिकपणा होय. मात्र पडद्यामागे जाऊन पाहणारा, गैरसोयीचे प्रश्न विचारणारा साक्षीदार त्यामुळे अधिक दुर्मिळ झाला, ही हानी लहान नव्हे. ‘ई-थ्री’च्या जवळजवळ तीन दशकांतील पूर्वदर्शने आता इतिहासाची साधने झाली आहेत. त्यांतून खेळ कसे होते हे कळण्याची आशा धरू नये. ते कसे असावेत अशी इच्छा होती, आणि त्या इच्छेला कोणी किती सहज होकार दिला, हे मात्र त्यांतून निश्चित कळते.