‘संघराज्य’ या संज्ञेचें परीक्षण

मराठी सत्तेस ‘संघराज्य’ म्हणण्याचा प्रघात इतिहासलेखनांत दृढ झाला आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत तिला संघ मानलें, आणि त्यांच्या अधिकारामुळें ती संज्ञा प्रमाण ठरली. ग्रंथकर्त्याविषयीं पूर्ण आदर बाळगूनही ती कागदपत्रांच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम लक्षण पाहूं. संघराज्यांत मध्यवर्ती सत्ता व घटक यांच्या मर्यादा मूळ घटनेनें ठरतात. कोणाही एकास त्या स्वेच्छेनें मोडतां येत नाहींत. १७८९ सालीं अमलांत आलेली अमेरिकेची घटना हें त्याचें ठळक उदाहरण. एकात्म राज्यांत खालचा अधिकार वरून दिलेला असतो, म्हणून देणारास तो परत घेतां येतो. कौटिल्यानें अकराव्या अधिकरणांत वर्णिलेले संघही समुदायाचे आहेत; तेथें सनद देणारा कोणी धनी नाहीं.

संघपक्षाच्या पुष्टीस १७१९ च्या सनदांनंतरची वाटणी पुढें केली जाते. चौथाईपैकीं शेंकडा २५ राजबाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौडा व उरलेले ६६ मोकासा. शेंकडा १० सरदेशमुखी निराळी. या वांट्यांनीं सरदार एकमेकांत गुंतले, हें खरें. परंतु ही वाटणी वसुलाची होय, अधिकाराची नव्हे. न्याय कोणीं करावा, तह कोणीं करावा, याचा निर्णय तींत नाहीं.

सरंजाम तर फौजेच्या खर्चासाठीं सनदेनें दिलेला. त्यावर देखरेखीस हुजुरांतून नेमलेले दरकदार. पेशव्यांच्या शिक्क्यांतही आधीं छत्रपतींचें नांव, मागाहून प्रधानाचें. म्हणजे कागदोपत्रीं राज्य एकात्मच होतें.

मग सरदार स्वतंत्र कसे झाले, असा आक्षेप येईल. त्याचें उत्तर आम्ही असें देतों कीं, १७४९ सालीं शाहू महाराज निवर्तले व देणाराच अस्त पावला. पुढें आज्ञा करणारे पेशवे स्वतः सनदी सेवक. नागपूरकर भोसल्यांचा अधिकारही शाहूंपासूनच आलेला. एका सेवकाची आज्ञा दुसऱ्यानें कां मानावी, यास उत्तर देणारी घटना नव्हती, सभाही नव्हती. म्हणूनच ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह दुसऱ्या बाजीरावानें शिंदे-भोसल्यांच्या संमतीवांचून केला, आणि पुढील वर्षीं डिसेंबरांत त्या दोघांनीं इंग्रजांशीं निरनिराळे तह केले. खरा संघ असता, तर तहाचा अधिकार कोणाचा हें आधींच ठरलेलें असतें.

सबब संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, सरंजामी सनदा ‘संघराज्याचीं पत्रें’ या सदराखालीं लावूं नयेत. प्रत्येक सनदेंत काय दिलें, काय राखलें आणि देणारा कोण, हीं तीन टिपणें यादींत घ्यावीं. संज्ञा उसनी घेतां येते. अर्थ मात्र कागदांतूनच काढावा लागतो.