‘प्रत्यक्ष कर’ : एका पदाची अर्थसीमा

अमेरिकेतील राष्ट्रीय आयकराच्या घटनात्मक आधाराची चर्चा बहुधा करसत्तेच्या अंगाने होते. वादाचे मूळ मात्र शब्दार्थात आहे. १७८७ च्या घटनेने ‘प्रत्यक्ष कर’ राज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात विभागण्याची अट घातली. त्या पदाची व्याख्या मात्र केली नाही. १८८१ च्या स्प्रिंगर खटल्यात आयकर या पदाच्या कक्षेबाहेर ठरला. १८९५ मध्ये पोलॉक खटल्यात, भाड्यावरील कर म्हणजे भूमीवरीलच कर असे मानून, आयकराचा कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. हे समीकरण सदोष होय; उगमसंबंध म्हणजे तादात्म्य नव्हे.

१९१३ च्या सोळाव्या दुरुस्तीने आयकरास ‘अप्रत्यक्ष’ म्हटले नाही. उत्पन्न कोणत्याही मार्गाने प्राप्त झालेले असो, त्यावरील करास विभागणीची अट नाही, एवढेच सांगितले. उगमाचा प्रश्न मिटला. ‘प्राप्त’ या पदाचा उरला. १९२० च्या मॅकोम्बर निर्णयाने त्याच पदावर भर देऊन समभागांच्या रूपातील लाभांश उत्पन्नातून वगळला. २०२४ च्या मूर निर्णयात विवाद्य कर टिकला. तथापि हाती न आलेली मूल्यवृद्धी हे उत्पन्न काय, हा प्रश्न न्यायालयाने अनिर्णीतच ठेवला. वाढत्या संपत्तीवर विभागणीवाचून कर बसविता येईल की नाही, हे अद्याप बहुतांशी त्या एका कृदंतावर अवलंबून आहे.