‘आम्ही’ या शब्दात कोण कोण?

आमच्या घरी टेबलावर सध्या एक वही पडलेली असते. पुढच्या वर्षी नोकऱ्यांना विराम देऊन नवरा-बायकोनं काही महिने परदेशात राहायचं, असा बेत आहे. हॉटेलात उतरून पाहायच्या जागांवर खुणा करायच्या नाहीत. भाड्याचं घर घ्यायचं, बाजार शोधायचा, तिथली भाषा तोडकीमोडकी का होईना बोलायची. वहीत हिशेब आहेत, औषधांची यादी आहे, शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं ही नोंद आहे. सगळ्या वहीत अक्षर एकाचंच आहे, माझं. हे लक्षात आलं तेव्हा मी ‘अपूर्वाई’ पुन्हा वाचायला घेतलं.

पु. ल. देशपांडे यांचं हे पुस्तक १९६० सालचं. आकाशवाणीच्या नोकरीत असताना टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी ते वर्षभर बीबीसीत होते, नंतर काही काळ फ्रान्स-जर्मनीत. सुनीताबाई बरोबर होत्या. आपण ‘अपूर्वाई’ प्रवासवर्णनांच्या कप्प्यात ठेवतो, पण खरं तर ते मुक्कामाचं पुस्तक आहे. पंधरा दिवसांच्या सहलीत माणूस देश पाहतो; वर्षभर राहिला की त्याला देशाची सवय होते, आणि त्या देशालाही थोडी त्याची. या पुस्तकाचा जिव्हाळा या सवयीतून येतो.

मात्र या खेपेला मी वेगळंच काही शोधत होते. घर कुणी लावलं? पैसे कसे पुरवले? पानोपानी भेटतं ते ‘आम्ही’. भाषांतरकाराला या सर्वनामाचं फार कौतुक असतं, कारण मराठीत ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं. हिंदीचं ‘हम’ किंवा इंग्रजीचं ‘वुई’ हा भेद दाखवत नाही. ‘आपण’मध्ये वाचक आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो दाराबाहेर राहतो. पण आतल्या दोघांविषयी हे सर्वनाम गप्पच असतं. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत माणूस दिसतो. ‘आम्ही गेलो’ म्हटलं की दोघं एकमेकांत मिसळून जातात. ‘आम्ही घर लावलं’ या वाक्यात पडदे कुणी शिवले ते कळायला मार्ग नाही.

याला निव्वळ पुरुषी विसराळूपणा म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं ठरेल. विनोदी निवेदकाला गोंधळलेलं असावं लागतं. परक्या शहरात बावचळणारा, रीतीभातींनी दबून जाणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस ही पुलंची मोठी निर्मिती. आणि असा माणूस वर्षभर परदेशात टिकायचा तर पडद्यामागे कुणीतरी जागं असावं लागतं. विनोदाची रचनाच त्या जाग्या माणसाला फारसं पुढे येऊ देत नाही.

तीस वर्षांनी, १९९० साली, ‘आहे मनोहर तरी’ आलं. ते प्रवासवर्णन नव्हे. आठवणींच्या ओघात पुढेमागे जाणारं आत्मकथन आहे. पण तिथे तोच गोंधळलेला माणूस घरातून दिसतो, आणि तिथून तो नेहमीच विनोदी वाटत नाही. दैवताला धक्का लागला म्हणून त्या वेळी अनेक वाचक रागावले. मला वाटतं, सुनीताबाईंनी दैवत फोडलं नाही. त्यांनी ‘आम्ही’ची फोड केली. गौरी देशपांडे यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा शीर्षकासाठी शेलीच्या कवितेकडे धाव घेतली. मूळ शीर्षकातल्या उदासीची तिथे, नसलेल्या गोष्टीची ओढ झाली. अनुवादक म्हणून मला हा बदल खटकतो. जे आहे ते मनोहर आहे हे मान्य करूनही उदास वाटणं, ही अधिक अवघड गोष्ट. ती ‘तरी’ या एका शब्दात मावली होती.

मी राहते नवा रायपुरात. इथे आधी नकाशा आला, माणसं अजून येताहेत. सहापदरी रस्त्याच्या कडेनं गावात जाऊन चेच भाजी कशी निवडायची हे मला एका बाईनं छत्तीसगढीत शिकवलं, आणि त्या दिवशी मी इथली झाले. म्हणून मला ‘अपूर्वाई’शेजारी ठेवावीशी वाटते ती रायपूरच्याच विनोद कुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’. त्यातले रघुवर प्रसाद आणि सोनसी देशाबाहेर जात नाहीत. एका खोलीतला संसार. तिच्या खिडकीतून ते पलीकडे उतरतात, तळ्याकाठी जातात, तिथल्या म्हातारीचा चहा पितात आणि परत येतात. स्वयंपाक इथेही सोनसीच करते, न्याय झाला असं नाही. फरक एवढाच की शुक्लांचं गद्य तिच्या हातांपाशी थांबतं. भांडी घासणं आणि तळ्यावर जाणं एकाच सावकाश चालीत येतं. घर चालवणं हा इथे प्रवासाआधीचा खटाटोप नाही, तो प्रवासाचाच भाग आहे.

जोडप्यानं परदेशात राहिल्याची पुस्तकं मराठीत यापुढे वाढतील; पैसा आहे, हौस आहे, फोनमध्ये नकाशे आहेत. ती वाचताना मी गाव कसं दिसलं हे तर पाहीनच, पण भाजी कुणी आणली हेही विचारीन. हा प्रश्न वाङ्मयबाह्य नाही. निवेदक किती पाहू शकतो याचं माप त्यातच आहे. शेजारी चालणारं माणूस ज्याला दिसत नाही, त्याच्या लिस्बनवर मी किती विश्वास ठेवू?

‘अपूर्वाई’ मला आजही आवडतं, आणि हसूही तसंच येतं. वाचून झाल्यावर मी वही नवऱ्यापुढे सरकवली. औषधांच्या यादीखाली आता दुसरं अक्षर आहे, जरा वाईट, पण लागतं.