सामाईक पृष्ठसाचा आणि थ्रेडांची सुरक्षितता

पृष्ठसाचा हा केवळ मजकुराचा सांगाडा असून तो वाचलाच जातो; तेव्हा अनेक थ्रेडांनी तो एकाच वेळी वापरण्यात धोका कसला, असे समर्थन पायथनमधील वेब-प्रणाली रचणारे पुष्कळदा करतात. ते पुरते खरे नाही.

अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अकोल्यासह पाच जिल्हे येतात. एवढ्या विस्तारासाठी गुणपत्रके देणाऱ्या एखाद्या प्रणालीची कल्पना करावी. साचा एकदाच वाचून त्याचा ऑब्जेक्ट स्मृतीत ठेवला आहे, आणि रचनाकाराने सोयीसाठी विद्यार्थ्याचे नावही त्या ऑब्जेक्टवरच नोंदविले आहे. अकोल्याच्या विनंतीने नाव लिहावे, त्याच क्षणी अमरावतीच्या विनंतीने ते पुसून आपले लिहावे, आणि मग पहिलीने ते वाचावे, हा क्रम सहज घडतो. अकोल्याच्या गुणांवर अमरावतीचे नाव छापले जाते. त्रुटीचा संदेश उमटत नाही. एकट्याने घेतलेल्या चाचणीत तर हा दोष दिसतही नाही.

जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत याचेच सौम्य रूप आढळते. ओळींना आळीपाळीने रंग देणाऱ्या ‘सायकल’ या टॅगचा नोड एकदाच घडतो व अनेक विनंत्यांस पुरतो. पुढचा रंग कोणता, ही आठवण नोडनेच ठेवली तर दोन थ्रेड परस्परांचे रंग पळवितात. म्हणून ती ‘रेंडर कॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे साच्याच्या त्या एका उभारणीपुरत्या जागेत, ठेवावी असे तेथे सांगितले आहे. रंगाची चूक क्षुल्लक खरी, पण नावाची चूक तिचीच सख्खी बहीण होय.

पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालतो, हा बचाव त्याहून दुबळा. इंटरप्रीटरचे सर्वव्यापी कुलूप इंटरप्रीटरच्या अंतर्गत व्यवस्थेस जपते, प्रोग्रामच्या हेतूस नव्हे. दुसरा थ्रेड वाट पाहत असल्यास साधारण 5 मिलिसेकंदांनी त्यास पाळी देण्याची योजना आहे, आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहताना ते बहुधा आधीच सुटते. शिवाय 2024 च्या 3.13 आवृत्तीत या कुलपाविना चालणारी बांधणी प्रयोगादाखल आली, व 2025 च्या 3.14 मध्ये तिला अधिकृत पाठबळ मिळाले.

साच्याभोवती स्वतंत्र कुलूप घातल्यास चूक टळेल. मात्र निकालाच्या दिवशी सारी विनंती-रांग एकेरी रुळावरील गाड्यांप्रमाणे खोळंबेल. त्यापेक्षा घडविलेला साचा अपरिवर्तित ठेवून तोच सर्वांस द्यावा, आणि नाव, गुण इत्यादी प्रत्येक विनंतीने आपल्या स्थानिक चलांतून पुरवावे, हे श्रेयस्कर. येथेही एक फसगत संभवते: सामाईक यादी स्थानिक नावाने घेतली म्हणून तिची प्रत होत नाही, आणि तीत भर घातली की ती सर्व थ्रेडांना दिसते.